जुने प्रहसन आणि आजचे हसू

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने सुमारे ३५ किलोमीटर गेले म्हणजे चेलाडीच्या फाट्यावरून नसरापुरास वळण लागते. गावाजवळच्या दाट झाडीत बनेश्वराचे देऊळ आहे. नानासाहेब पेशव्यांनी ते इ. स. १७४९ च्या सुमारास बांधविले. देवळात एक थोर घंटा टांगलेली आहे. ती मूळची पोर्तुगीज अमलातील एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची असून चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यानंतर ती इकडे आली, असे सांगतात. येशूच्या उपासकांस प्रार्थनेसाठी हाक मारण्याकरिता ओतलेली ही घंटा पिढ्यान्‌पिढ्या शंकराच्या दारी वाजत आहे, आणि तिच्या नादात काही विसंवाद आहे असे कोणाही भाविकास वाटत नाही. एका काळाची, एका समाजाची वस्तू दुसऱ्या काळात व दुसऱ्या समाजात नेऊन वाजविली तर तिचा नाद तोच राहतो काय, हा प्रश्न मात्र त्या घंटेखाली उभे राहिले असता मनात आल्याखेरीज राहत नाही. गेल्या हिवाळ्यात तो आमच्या मनात अधिक तीव्रतेने येण्यास एक कारण घडले, आणि ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

नसरापुरातील काही हौशी मंडळींनी महाशिवरात्रीच्या निमित्ताने एक जुने संगीत प्रहसन रंगभूमीवर आणावयाचे मनात घेतले होते. त्यांत पुढाकार एका निवृत्त शिक्षकांचा. गावात त्यांना सारे गुरुजीच म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणू. नेहमीची पौराणिक अथवा कौटुंबिक नाटके करण्यापेक्षा आपल्याच पूर्वजांची, पण आपणच विसरलेली एखादी कृती उजेडात आणावी, अशी त्यांची इच्छा. तिच्या वाचनासाठी एका संध्याकाळी पंधरावीस माणसे जमली, आणि जुन्या नाटकांची आवड आहे एवढ्याच नात्याने आम्हांसही बोलावणे आले.

हे प्रहसन कोणते ते प्रथम सांगितले पाहिजे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले. त्यांचे पुत्र शहाजीराजे ह्यांनी १६८४ पासून १७१२ पर्यंत तेथे राज्य केले. हे शहाजीराजे मोठे विद्याव्यासंगी, आणि अनेक भाषांचे रसिक. मराठीतील आद्य नाटक म्हणून ज्याचा निर्देश होतो ते ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ त्यांच्याच नावावर आहे. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट. ‘पंचभाषाविलास’ नावाच्या त्यांच्या नाटकात पात्रे पाच निरनिराळ्या भाषांत बोलतात. पुढे प्रतापसिंहराजांनीही मराठीत अनेक नाटके लिहिली. ह्या नाटकांत गद्यापेक्षा गाणे अधिक असते; ‘दरू’ नावाची पदे राग व ताल नमूद करून घातलेली असतात. हे सारे धन तंजावरच्या सरस्वती महालात हस्तलिखितांच्या रूपाने जपले गेले, परंतु महाराष्ट्रातील रंगभूमी त्यापासून काही न घेताच वाढली. भाऊबंदांच्या घरी पुरलेला हंडा आपल्या कामी यावा कसा?

गुरुजींनी निवडलेली कृती मात्र मराठीतील नव्हे, तेलुगूतील. तिचे नाव ‘सतीदानशूर’. तीही शहाजीराजांचीच म्हणून प्रसिद्ध आहे. कथा थोडक्यात अशी. मोरोभट नावाचा एक ब्राह्मण आपल्या शिष्यासह मन्नारगुडीच्या देवळातील उत्सवास येतो. तेथे एक अंत्यज स्त्री त्याच्या दृष्टीस पडते आणि भटजींची मती गुंग होते. शिष्य त्यांस शास्त्र सांगून आवरू पाहतो. तर गुरू त्याच शास्त्राने, वेदान्ताने, आपल्या वासनेचे मंडन करू लागतो. ती स्त्रीही त्यास आपल्या जातीची आठवण देऊन परत फिरावयास सांगते. भटजी काही केल्या ऐकत नाहीत. अखेर तिचा नवरा याचक ब्राह्मणास विन्मुख कसे पाठवावे म्हणून आपली बायकोच दान करतो. ‘सतीदानशूर’ हे नाव त्यावरून पडले. शेवटी देव प्रकट होतो आणि सर्वांचे मंगल होते. तेलुगू कृतीतील नायकाचे नाव ‘मोरोभट’ असे अस्सल मराठी असावे, आणि ते एका मराठी राजाने आपल्याच देशच्या भिक्षुकाच्या खुशालीसाठी योजावे, ह्यातली खोच गुरुजींस फार आवडली होती. तेलुगू जाणणाऱ्या एका स्नेह्याकडून त्यांनी पदांचा अर्थ समजावून घेतला व मराठीत एक खर्डा तयार केला. पदांस त्यांनी ओळखीच्या चाली दिल्या. काम कष्टाने व प्रेमाने केलेले होते.

वाचन रंगले. गुरुजींचा गळा अजून चांगला आहे. मंडळी वरचेवर हसत होती, आम्हीही हसलो. समोरच्या बाजूस एक तरुण बसला होता. गावातल्या ज्या वस्तीस पूर्वी गावाबाहेरची म्हणत, त्या वस्तीतला, शिकलेला, पुण्यास नोकरीस जाऊन येऊन असणारा. तो आरंभी हसत होता, पुढे हसेनासा झाला. वाचन संपल्यावर गुरुजींनी त्यास विचारले, “काय रे, तुला आवडले नाही वाटते?”

तो म्हणाला, “गुरुजी, आवडले नाही असे नाही. पण एक विचारतो. नाटकात हसायच्या जागा मोरोभटाच्या आहेत. आपण सगळे जास्त हसलो ते ती बाई आपली जात सांगते तिथे. असे का झाले?”

खोलीत कोणी काही बोलले नाही. आम्ही मनातल्या मनात वाचनाची उजळणी केली आणि आम्हांस कबूल करावे लागले की त्याचे निरीक्षण बरोबर होते. “महाराज, मी कोण, तुम्ही कोण” ह्या अर्थाच्या त्या पदावर सर्वांत मोठा हशा पिकला होता, आणि त्यात आमचाही आवाज होता. मोरोभट वेदान्त सांगू लागला तेव्हा मंडळी नुसती स्मित करीत होती. कवीने तीर एकीकडे नेम धरून सोडला होता, आणि तीनशे वर्षांनी तो दुसऱ्याच कोणास लागत होता.

ह्या प्रसंगाने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला तो असा: विस्मरणात गेलेले एखादे विनोदी नाटक पुन्हा उभे करणाऱ्यावर कोणाचे ऋण असते? ते लिहिणाऱ्या मृत कवीचे, समोर बसलेल्या जिवंत प्रेक्षकांचे, की ज्यांच्या जिवावर विनोद झाला त्यांचे?

गंभीर नाटकापेक्षा विनोदी नाटकास काळ लवकर खातो, हा अनुभव सर्वांस आहे. ह्याचे कारण विनोदाच्या स्वरूपातच आहे असे आम्हांस वाटते. विनोद हे एक अर्धे सांगितलेले अनुमान असते. त्यातील एक विधान बोलणारा बोलतो आणि दुसरे ऐकणाऱ्याने आपल्या मनातून घालावयाचे असते. ते त्याच्यापाशी नसेल तर तो हसत नाही, तुम्ही कितीही समजावून सांगा. म्हणून हसणे ही एका अर्थी साक्ष आहे. जो हसला त्याच्यापाशी ते न बोललेले विधान होते, निदान त्या क्षणापुरते तरी त्याने ते खरे मानले, एवढे त्याच्या हसण्यावरून सिद्ध होते.

आता हे न बोललेले विधान दोन प्रकारचे असू शकते. एक मनुष्यस्वभावाविषयीचे, दुसरे समाजाच्या घडीविषयीचे. पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण आपल्या घरचेच आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली संगीत रूपाने रंगभूमीवर आले आणि आजही त्याचे प्रयोग होतात. त्याचे मूळ आर्थर मर्फी ह्या नाटककाराच्या १७६१ मधील एका इंग्रजी विनोदी नाटकात, आणि त्याच्याही पलीकडे मोलिएरच्या १६६० मधील एका फ्रेंच प्रहसनात आहे. मर्फीचे ते नाटक त्याच्या मायदेशी आज कोण करतो? अठराव्या शतकातील एक विस्मृत इंग्रजी विनोद मराठीत पदे लेवून शंभर वर्षे नांदतो, कारण नवराबायकोंचा परस्परांवरील संशय ह्या एका गोष्टीसाठी प्रेक्षकाच्या मनात नवे काही घालावे लागत नाही. फाल्गुनराव प्रत्येक आळीत असतो. आणि तरीही त्याच नाटकातील रेवतीकडे पाहा. नायकिणीच्या घरी वाढलेली मुलगी कुलीन वृत्तीची असू शकते काय, ह्या शंकेवर त्यातील कित्येक प्रसंग उभे आहेत. ती शंका ज्या समाजात होती तो समाज जसजसा मागे पडतो तसतसे ते प्रसंग फिके होतात. फाल्गुनरावाचे प्रसंग मात्र होत नाहीत. एकाच नाटकात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात.

‘सतीदानशूर’ हे बव्हंशी दुसऱ्या प्रकारचे आहे. ब्राह्मणाने अंत्यजेच्या मागे लागावे ह्यात जे हास्य आहे ते, त्या दोघांमधील अंतर हे सृष्टीच्या नियमासारखे अढळ आहे असे मानणाऱ्यासच पुरते हसविते. ज्या दिवशी प्रेक्षकांतून ते मानणे खरोखर नाहीसे होईल त्या दिवशी हा विनोदही विझेल. आणि अजून तो विझला नसेल, तर ते मानणेही विझलेले नाही. अस्पृश्यता १९५० च्या राज्यघटनेने नष्ट केली, हे आम्ही सर्व जण जाणतो व मुलांस शिकवितो. पण नसरापुरातील त्या संध्याकाळी आम्ही काय जाणतो ह्याची परीक्षा झाली नाही. आमच्या मनात न बोलता काय पडून आहे ह्याची झाली.

ह्यावर कोणी म्हणेल की हे फार झाले. भुताच्या गोष्टीवर भुते न मानणाराही दचकतो. त्याप्रमाणे जुनी समजूत घटकाभर खरी धरून मनुष्य हसतो, आणि नाटक संपले की ती समजूत वहाणांसारखी दारात सोडून घरी जातो. कल्पनेने धरणे म्हणजे मानणे नव्हे. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि तसे नसते तर जुने वाङ्मय वाचणेच अशक्य झाले असते. परंतु भुताच्या गोष्टीत आणि ह्यात एक भेद आहे. भूत श्रोत्यांत बसलेले नसते. जी समजूत आपण घटकाभर गंमत म्हणून धरतो, ती ज्याच्या आजोबांनी जन्मभर अंगावर वागविली तो शेजारच्या खुर्चीवर असेल, तर तीच कल्पना त्यास आपल्याइतकी स्वस्त पडत नाही. घटकाभर खरे धरण्याचा खर्च सर्वांस सारखा नसतो, एवढेच आमचे म्हणणे.

मग अशा नाटकाचे करावे काय? ह्या कामी दुसऱ्या देशांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. जॉन गे ह्या कवीचे ‘बेगर्स ऑपेरा’ हे संगीत प्रहसन लंडनात २९ जानेवारी १७२८ रोजी प्रथम झाले आणि त्या एकाच हंगामात त्याचे ६२ प्रयोग झाले. त्या काळी हा विक्रमच होता. त्यात राजेरजवाड्यांऐवजी चोर, चोरीचा माल घेणारे आणि तुरुंगाचे अधिकारी गाऊ लागले. पदांच्या चाली रस्त्यावरच्या, लोकांच्या तोंडच्या. चोरांच्या व्यवहारात त्या वेळचे मुख्य मंत्री वॉलपोल ह्यांचे राजकारण लोकांस दिसे. पुढच्या भागाचा प्रयोग करण्यास सरकारने बंदी केली, यावरून घाव वर्मी लागला असावा हे उघड आहे. मजा अशी की शेवटी नायकास फाशी द्यावयाची ठरली असता, संगीत नाटकाचा शेवट गोड झालाच पाहिजे असे नटाने म्हणताच नाटकातला कवी ती फाशी रद्द करून टाकतो.

विसाव्या शतकात ह्या नाटकाचे पुनरुज्जीवन दोन तऱ्हांनी झाले. १९२० साली लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील एका थिएटरात नायजेल प्लेफेअर ह्यांनी ते सुंदर पोशाखांत, चाली नव्याने बांधवून उभे केले. १,४६३ प्रयोग झाले. वॉलपोल तोवर इतिहासात जाऊन बसला होता. घाव लागण्यास अंगच उरले नव्हते. प्रेक्षक हसले ते जुन्या काळच्या गोडव्यास, जुन्या पैठणीवर हात फिरवावा तसे. पुढे १९२८ साली, मूळ नाटकास बरोबर दोनशे वर्षे झाली असता, बर्लिनमध्ये ब्रेख्त व संगीतकार कुर्ट वाइल ह्यांनी त्याच कथेचे नवे नाटक केले. त्यांनी मूळ शब्दांची पर्वा फारशी केली नाही; मूळ घाव मात्र नव्या अंगावर घातला. चोर व सावकार ह्यांत भेद तो काय, असा प्रश्न त्यांनी सावकारांच्याच देखत विचारला. आणि तेच नाटक पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशांचा तमाशा’ म्हणून मराठीत आणिले. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा प्रयोग केला. लंडनच्या रस्त्यावरच्या चालींची जागा येथे तमाशाच्या ढंगाने आणि नाट्यसंगीतापासून पाश्चात्य धर्तीच्या गाण्यापर्यंत नाना तऱ्हांच्या संगीताने घेतली. अशा रीतीने अठराव्या शतकातील एक संगीत प्रहसन दोन वळणे घेऊन आपल्या दारी आले.

ह्या दोन तऱ्हांत शब्दांशी प्रामाणिक पहिली आणि हेतूशी प्रामाणिक दुसरी, असे सामान्यतः म्हणतात. आमचे मत दुसरीकडे झुकते. पण एक शंका घेऊनच. हेतू ओळखण्याचा अधिकार कोणास? शहाजीराजांचा हेतू शास्त्राच्या आड लपणाऱ्या वासनेस हसण्याचा होता, हे संहितेवरून स्पष्ट दिसते. धर्म अधिक समजतो तो शिष्यास, त्या स्त्रीस, तिच्या नवऱ्यास. समजत नाही तो एकट्या भटजीस. एवढ्यावरून कवीस आपण आजचा सुधारक ठरविले तर ती आपलीच चोरटी खुशामत होईल. ते राजे होते. नाटक दरबारात होत असे. आणि जिच्यावाचून ते नाटक चालत नाही त्या स्त्रीच्या जातीचे कोणी त्या दरबारात प्रेक्षक म्हणून मानाने बसले असेल, हे संभवत नाही. उपहास वरच्यांचा केला तरी त्याचा चबुतरा खालच्यांच्या पाठीचा होता.

ही गोष्ट केवळ तंजावरची नव्हे. आमच्या तमाशाकडे पाहावे. गण, गौळण, बतावणी, वग ह्या क्रमाने चालणारा हा खेळ ज्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला त्यांस गावाने टाळ्या दिल्या, दौलतजादा केला, पण ओटीवर घेतले नाही. मोरोभटाची गोष्ट तर महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीने ब्राह्मण, तमाशाच्या नादाने घर सोडून पठ्ठे बापूराव झाले. महार समाजातील पवळाबाईंची व त्यांची जोडी उभ्या महाराष्ट्रात गाजली. ब्राह्मणांनी त्यांस वाळीत टाकले. रसिकांनी डोक्यावर घेतले. परंतु ह्या कथेची दुसरी बाजूही आहे. १९२७ च्या सुमारास चळवळीसाठी बापूरावांनी देऊ केलेला पैसा, तो आमच्या बायकांस नाचवून मिळविलेला आहे म्हणून डॉ. आंबेडकरांनी नाकारला, असे नमूद आहे. आपण मोरोभटाच्या धाडसाचे कौतुक करीत असता त्या नकाराने एक निराळाच प्रश्न विचारला: ह्या कलेचा आनंद कोणी घेतला आणि मोल कोणी दिले? पठ्ठे बापूरावांच्या त्यागाविषयी आमच्या मनात आदर आहे. तथापि तो प्रश्न त्यांच्या लावण्यांइतकाच जपून ठेवण्याजोगा आहे.

ह्या सर्वावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मग ही जुनी प्रहसने कपाटातच राहू द्यावीत. विस्मरण हीही समाजाची एक शुद्धी आहे. जे मेले ते मेले. ह्या म्हणण्यास आम्ही एकदम झिडकारू इच्छीत नाही. ज्याने आयुष्यात पुष्कळ अपमान सोसले त्याने, ‘हे पुन्हा दाखवू नका’ म्हणून विनविले तर त्यास कलेचे माहात्म्य सांगत बसणे हा उद्धटपणा होय. परंतु एक विचार ह्याच्या उलट जातो. कपाटात राहिलेले नाटक कोणाची परीक्षा घेत नाही. त्या संध्याकाळी ते पद वाचले गेले नसते, तर आमच्या हशाचा ठिकाणा आम्हांस कधीच लागला नसता आणि आम्ही स्वतःस निर्मळ समजत राहिलो असतो. मूळ संहितेतील बोचणारे शब्द गाळून टाकावे, ही तिसरी सूचनाही त्या बैठकीत एकाने केली होती. आम्हांस ती सर्वांत वाईट वाटते. गाळलेल्या नाटकात ना जुना काळ दिसतो, ना आपण. पूर्वज आपल्याइतकेच सभ्य होते असा खोटा दाखला मात्र त्याने मिळतो, आणि खोट्या दाखल्याचा उपयोग नेहमी जिवंत माणसांच्या दाव्याविरुद्ध केला जातो.

तेव्हा आमचे मत असे बनले आहे. जुने प्रहसन उभे करणे हे पूर्वजांचे श्राद्ध नव्हे. ती आपली झडती आहे, असे समजून ते करावे, नपेक्षा करू नये. आणि झडती घ्यावयाची तर ती कोणाच्या खर्चाने होणार हे आधी ठरविले पाहिजे. ज्यांच्या पाठीवर त्या विनोदाचा चबुतरा उभा होता त्यांस केवळ समोरच्या खुर्च्यांवर बसवून त्यांची परवानगी गृहीत धरणे योग्य नव्हे. नाटकाचा घाव कोठे पडावा हे ठरविण्यात त्यांचा हात असला पाहिजे. मृत कवीचे ऋण आम्ही मानतो. पण तो आता दुखावला जाऊ शकत नाही. जो दुखावला जाऊ शकतो त्याचे ऋण पहिले.

हे मत आमच्या ठायी वादविवादाने पक्के झाले नाही, दुसऱ्या बैठकीतील एका लहानशा गोष्टीने झाले. पात्रयोजना चालली होती. गुरुजींनी त्या तरुणास जरा भीत भीतच विचारले, “तू नवऱ्याचे काम करशील काय? त्याच्या तोंडी चांगली भाषणे आहेत.” तो हसून म्हणाला, “गुरुजी, मला मोरोभट द्या. नवऱ्याचे काम तुम्ही करा.” गुरुजी क्षणभर थबकले आणि मग म्हणाले, “चालेल. माझ्या वयाला शोभेल तो.” तेवढ्यात स्त्रीची भूमिका करावयास तयार झालेली कॉलेजातील एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, तिला बोलायला पुष्कळ आहे. पण दान करताना तिला कोणी विचारते का?” खर्डा चाळून पाहिला, तशी जागा सापडेना. तेथे काय करावे ह्याचा निकाल अद्याप झालेला नाही. गुरुजींच्या मते नवे पद घालणे म्हणजे कवीवर अन्याय. मुलीच्या मते तेथे तिने नुसते गप्प उभे राहून सर्वांकडे पाहावे, म्हणजे कवीचा एक शब्दही बदलावा लागणार नाही. आम्हांस मुलीचे म्हणणे पटते.

त्या दिवशी भूमिका बदलून पहिला अंक वाचला गेला. अंगात नोकरीचा सदरा घातलेला तो तरुण वेदान्त सांगू लागला, पंचमहाभूते सर्वांची सारखीच आहेत असे डोळे मिटून बजावू लागला, आणि मंडळी पोट धरधरून हसली. ज्या तत्त्वाने सर्व भेद मिटावयाचे तेच तत्त्व भटजीस आपल्या सोयीपुरते आठवते, आणि सोय संपली की विसरते, ही त्यातली खरी गोम प्रथमच आमच्या ध्यानी आली. पुढे ‘महाराज, मी कोण, तुम्ही कोण’ हे पद आले. समोर आपली जात विसरलेला तो मोरोभट आणि शेजारी पांढऱ्या मिशांचे गुरुजी नवरा म्हणून हात जोडून उभे. त्या पदावर कोणी हसले नाही. कोणी सांगून गप्प बसले असेही नव्हे. न बोललेले जे विधान आम्ही पहिल्या दिवशी मनातून घातले होते ते त्या दिवशी हाताशी सापडले नाही, एवढेच. ते कायमचे गेले की घटकाभर बाजूस सरले, हे प्रयोगाच्या रात्री कळेल. महाशिवरात्रीस तो होऊ शकला नाही. तालीम अजून चालू आहे.

परतताना आम्ही पुन्हा बनेश्वरास गेलो. एका लहान मुलास त्याच्या बापाने उचलून घंटेपर्यंत पोचविले होते आणि तो ती जिवाच्या आकांताने वाजवीत होता. ती कोठून आली हे बापास ठाऊक होते, तो मुलास सांगत होता, “ही आपली नव्हती बरं का, लढाईत आणली.” मुलाने विचारले, “मग ज्यांची होती त्यांनी काय वाजवलं?” बापापाशी उत्तर नव्हते, आमच्यापाशीही नव्हते.